स्वेच्छेचा शिक्का

मी एक रबरी शिक्का आहे. बोलायची मला सवय नाही. मला एकच वाक्य येतं, आणि तेही माझं स्वतःचं नाही. कुणीतरी ते माझ्या अंगावर उलटं कोरून ठेवलंय. कागदावर टेकलो की ते सुलटं उमटतं. आज त्या वाक्याबद्दलच सांगायचंय.

माझा जन्म भोपाळचा. एम. पी. नगरात कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या दाटीत, एका जिन्याखाली शिक्के बनवणाऱ्याचं दुकान आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयातून तीन शिक्क्यांची मागणी आली होती. रुग्णालयाचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही विचारूही नका. त्या मागणीतून आम्ही तीन भाऊ एकाच दिवशी तयार झालो. एकावर लिहिलं होतं ‘स्वास्थ्य लाभ, छुट्टी’. दुसऱ्यावर फक्त ‘मृत’. माझं वाक्य सगळ्यांत लांब, म्हणून मी सगळ्यांत रुंद: ‘परिजन स्वेच्छा से ले गए’. म्हणजे घरच्यांनी स्वतःच्या मर्जीनं पेशंटला नेलं.

दुकानदारानं मला कोऱ्या कागदावर उमटवून पाहिलं आणि म्हणाला, “बढ़िया आया है.” मलाही बरं वाटलं.

आम्ही तिघे रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात, वसुधा तारे यांच्या टेबलावर आलो. वसुधाताई माहेरच्या उज्जैनच्या. लग्न होऊन भोपाळात आल्या आणि इथं नोकरीला लागल्या, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. दर शनिवारी त्या जुन्या टूथब्रशनं आमची तोंडं घासून अडकलेली शाई काढायच्या. शिक्का मारण्याआधी कागदावरचं नाव ओठांतल्या ओठांत वाचायची त्यांना सवय होती. “रामकली बाई, पासष्ट वर्ष,” असं पुटपुटायच्या आणि मग आमच्यापैकी एकाला उचलायच्या.

काम साधं होतं. पेशंट रुग्णालयातून गेला की त्याचे कागद खाली त्यांच्याकडे यायचे. त्या शिक्का मारायच्या, खिडकीशी उभ्या असलेल्या नातेवाइकांची सही किंवा अंगठा घ्यायच्या आणि कॉम्प्युटरमध्ये एक आकडा भरायच्या. बरा होऊन गेला तर एक. मर्जीनं नेला तर तीन. वारला तर चार. दोन नंबर दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेल्यांचा. तो फारसा लागत नसे.

पहिली काही वर्षं मी क्वचितच लागायचो. मग तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या विभागात एक नियम आला. विभागप्रमुख डॉ. सत्यजित रायजादा यांनी तो केला. आयसीयूत खाटा बारा आणि बाहेरच्या व्हरांड्यात, गलियाऱ्यात, वाट बघणारे पंचवीस, अशी रोजची गत होती. तेव्हा पक्षाघाताचा पेशंट आयसीयूत तीनच दिवस ठेवायचा, नंतर साध्या वॉर्डात हलवायचा, असं ठरलं. हेतू वाईट नव्हता. नवीन आलेल्याला पहिल्याच तासात खाट मिळू लागली, हे मी खिडकीतल्या बोलण्यावरून ऐकलं आहे.

पण वॉर्डात चाळीस पेशंटांमागे दोन नर्स. तिथं पेशंट खालावला की घरच्यांना सांगायचे, “अब यहाँ कुछ नहीं होना. घर ले जाइए, सेवा कीजिए.” घरचे घेऊन जायचे. कुणी सीहोरकडचे, कुणी रायसेनचे, कुणी इथलेच. मग कागद खाली यायचा आणि वसुधाताई मला उचलायच्या.

मी वरचेवर लागू लागलो. माझ्या मुठीचा रंग उडाला, ‘स्वेच्छा’मधला ‘च्छा’ झिजून चपटा झाला. शेजारचा ‘मृत’ आता पूर्वीइतका लागत नसे.

एक दिवस वॉर्डातला माणूस धावत खाली आला. “तारे मैडम, जल्दी. पेशंट तो गया, पर सिस्टर बोलीं स्वेच्छा वाला लगा दो. गाड़ी खड़ी है.”

वसुधाताईंनी मला उचललं नाही. त्यांनी वर फोन लावला. वरून उत्तर आलं की मृत लिहिलं तर कागदपत्रांत संध्याकाळ होईल, घरच्यांना गाव दीडशे किलोमीटर आहे, त्यांचीही हीच विनंती आहे. खिडकीत एक पोरसवदा बाई डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. वसुधाताईंनी तिच्याकडे पाहिलं, नाव वाचलं आणि मला कागदावर दाबलं.

दया म्हणूनच केलं त्यांनी ते. पण मेलेल्या माणसाच्या कागदावर मी उमटलो, आणि असं पुढं एकूण सात वेळा झालं.

मग रमेश सप्रे आले. वसुधाताई तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. सप्रे त्यांचे भिंतीला भिंत लावून शेजारी. रमेशराव कोचिंगमध्ये गणित शिकवायचे, त्यांची बायको कल्पनाताई शिक्षण खात्यात. बावन्नाव्या वर्षी रमेशराव आंघोळीला जाताना कोसळले. तीन दिवस आयसीयू, दोन दिवस वॉर्ड, आणि सहाव्या दिवशी कल्पनाताई माझ्या खिडकीत.

“वसुधा, ह्यावर स्वेच्छा लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “मी कुठं म्हटलं नेते म्हणून? डॉक्टर म्हणाले, बेड लागणार आहे दुसऱ्याला.”

“फॉर्मॅलिटी असते हो, कल्पनाताई. सगळ्यांच्याच कागदावर येते. तुम्ही सही करा, बाहेर अॅम्ब्युलन्स थांबलीय.”

कल्पनाताईंनी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी रमेशराव घरीच वारले. वसुधाताईंनी त्या दिवशी सुट्टी घेतली होती.

महिन्याभरानं कल्पनाताई कागदाची नक्कल न्यायला आल्या. नक्कल हातात घेऊन त्या माझं वाक्य कितीतरी वेळ वाचत राहिल्या. “घाई केली गं मी,” म्हणाल्या. “आणखी दोन दिवस अडून बसायला हवं होतं. मर्जीनं आणलं मी त्यांना. लिहूनच दिलंय ना.”

वसुधाताईंनी नुसतं, “चहा घेता का?” असं विचारलं.

ह्या सगळ्याला वर्ष होत आलं असेल, तेव्हा डॉ. क्षितिजा भागवत आमच्या टेबलाशी येऊ लागल्या. पुण्याच्या, तिशीच्या, रुग्णालयात संशोधनाच्या जागेवर रुजू झालेल्या. त्या पेशंट तपासत नसत, पेशंटांच्या नोंदी तपासत. कॉम्प्युटरमध्ये साठलेल्या सहा वर्षांच्या नोंदींतून त्यांना बघायचं होतं की तीन दिवसांच्या नियमाचा फायदा झाला का. वसुधाताईंना त्या आवडायच्या. एक तर मराठी बोलायला कुणी मिळालं होतं. आणि वसुधाताईंचं हिंदीमिश्रित मराठी ऐकून ती मुलगी हसायची नाही.

एका शुक्रवारी दुपारी त्या लॅपटॉप घेऊन आल्या. चेहरा फुललेला.

“वसुधाताई, बघा. तुमच्याच नोंदींतून निघालंय हे. नियमाआधी चार पेशंटांत एक मृत्यू. नियमानंतर दहांत एक.”

“अरे वा.”

“रायजादा सर तर म्हणतात, हे सगळ्या जिल्हा रुग्णालयांत लागू व्हायला हवं. वर प्रस्ताव गेलाय. माझा शोधनिबंध त्याला जोडणार आहेत. पुढच्या महिन्यात पाठवायचाय.”

वसुधाताईंनी चष्मा लावला. तक्त्यात दोनच रकाने होते: मृत, आणि सुट्टी. सुट्टीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, जिवंत.

“ह्याच्यात तीन नंबर कुठंय?”

“तीन नंबर म्हणजे?”

वसुधाताईंचा हात माझ्या मुठीवर होता. मला वाटलं, आता उचलतील मला आणि दाखवतील. पण त्यांनी हात काढून घेतला.

“काही नाही. असंच विचारलं. छान झालंय हं काम.”

त्यांना माहीत होतं. कॉम्प्युटरमधून यादी काढताना एक, दोन आणि तीन हे सगळे आकडे सुट्टीत मिसळून जातात, हे त्या विभागात फक्त त्यांनाच माहीत होतं. क्षितिजा मॅडमना आकडा दिसत होता. खिडकी दिसत नव्हती.

त्या संध्याकाळी वसुधाताईंनी मला उचलून पर्समध्ये टाकलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला वाटतं, त्या शनिवारी त्यांची रजा होती, आणि त्यांच्या मागं कुणी मला वापरावं असं त्यांना नको होतं.

दोन दिवस मी तुलसी नगरात काढले. रविवारी सकाळी पर्स जेवणाच्या टेबलावर उघडी पडली होती. वसुधाताईंचे यजमान शैलेंद्र भाजी आणायला गेले होते. कल्पनाताई वाटीभर ओल्या नारळाची चटणी घेऊन आल्या. बसल्या. इकडचं तिकडचं झालं, आणि मग नेहमीसारखं तेच.

“परवा स्वप्नात म्हणाले, तू मला का आणलंस.”

वसुधाताईंनी पर्समध्ये हात घातला आणि मला टेबलावर चटणीच्या वाटीशेजारी ठेवलं.

“कल्पनाताई, तुम्ही नाही आणलं त्यांना. तिसऱ्या दिवशी वॉर्डात टाकायचं, आणि वॉर्डात खालावले की घरी पाठवायचं, असा नियम चाललाय. असं घरी पाठवलेल्या प्रत्येकाच्या कागदावर मी हा मारते. सारखी मारते. तुमची मर्जी कुणी विचारलीच नव्हती.”

मला वाटलं होतं, कल्पनाताईंच्या जिवावरचं ओझं उतरेल. वसुधाताईंनाही तसंच वाटलं असावं. त्या पुढं वाकून त्यांचा हात धरायला गेल्या होत्या.

कल्पनाताईंनी हात मागे घेतला.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“एक वर्ष मी रोज तुझ्यासमोर रडते. आणि तुला माहीत होतं?”

“माझी हिंमत झाली नाही.”

कल्पनाताई उठल्या. दारापाशी थांबून, मागं वळून न बघता त्यांनी विचारलं, “आणखी किती बाया आहेत माझ्यासारख्या?”

वसुधाताईंना आकडा ठाऊक नव्हता. हजारो कागद त्यांच्या हातून गेले होते, पण हा आकडा त्यांनी कधी मोजला नव्हता.

सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या त्या मला हातात घेऊन क्षितिजा मॅडमच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नियम, वॉर्ड, तीन नंबर, ते सात जण. सात जणांची नावं त्यांनी वयासकट सांगितली. एकही विसरल्या नव्हत्या.

क्षितिजा मॅडमनी समोरचा लॅपटॉप मिटला. कितीतरी महिन्यांचं काम होतं त्यांचं. “मी विचारायला हवं होतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “आकडे कुठून येतात ते बघायला खाली येऊन बसायला हवं होतं. मी फक्त फाइल मागितली.”

“मी शुक्रवारी सांगायला हवं होतं.”

“आता सांगितलंत ना. पण नुसतं सांगून नाही चालणार, वसुधाताई. घरी गेलेल्यांचं काय झालं ते विचारावं लागेल. एकेकाला.”

असं फोन करून विचारायला रुग्णालयाच्या समितीची परवानगी लागते. ती यायला पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत मी टेबलावर परत होतो आणि उमटतच होतो. वसुधाताई नावं वाचायच्या, पण आता त्यांचा आवाज ओठांबाहेर यायचा.

परवानगी आली तशी रोज दुपारी दोघी माझ्याच टेबलाशी बसून फोन लावू लागल्या. सहा वर्षांतले तीन नंबरचे तीनशे वीस पेशंट. कितीतरी नंबर बंद पडले होते.

विदिशाचा एक माणूस भडकला. “मेरी अम्मा का काग़ज़ आपने किससे पूछकर खोला? इलाज के लिए नंबर दिया था. गिनती के लिए नहीं दिया था.”

क्षितिजा मॅडमनी माफी मागितली आणि त्याचं नाव यादीतून काढलं. फोन ठेवून म्हणाल्या, “परवानगी समितीनं दिली होती. त्यानं नव्हती दिली.” त्या दिवशी त्यांनी पुढचा फोन लावला नाही.

एका म्हाताऱ्यानं पहिल्याच घंटीला उचलला. रुग्णालयाचं नाव ऐकताच घाईघाईनं विचारलं, “बेड मिल गया क्या?” त्याची बायको जिवंत होती. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, पण जिवंत. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की खाट रिकामी झाली की फोन येईल. वसुधाताईंनी त्याच्याशी बराच वेळ बोलून त्याला ओपीडीचा वार समजावून दिला.

एकशे नव्वद जणांशी बोलणं झालं. त्यांच्या पेशंटांपैकी एकशे एकसष्ट जण रुग्णालयातून नेल्यापासून दहा दिवसांच्या आत वारले होते.

हे आकडे नीट जागी धरून क्षितिजा मॅडमनी पुन्हा हिशेब मांडला. नियमाआधीचे मृत्यू आणि नंतरचे मृत्यू जवळजवळ सारखे निघाले. नियमानं माणसं वाचली नव्हती, तशी जास्त मेलीही नव्हती. आधी ती रुग्णालयात मरत होती. आता घरी, रस्त्यात, मिळेल त्या गाडीत मरत होती, आणि ती आमच्या मोजणीत येत नव्हती.

दोघी विभागप्रमुख डॉ. सत्यजित यांच्याकडे गेल्या. जाताना वसुधाताईंनी मला बरोबर घेतलं होतं. डॉक्टरांनी सगळे कागद शांतपणे वाचले. त्यांनाही धक्का बसला होता, हे मी पाहिलं; पान उलटताना त्यांची बोटं थांबत होती. मग त्यांनी फाइल मिटली.

“फ़ोन पर कही बात रिकॉर्ड नहीं होती, डॉक्टर. रिकॉर्ड वह है जो उस दिन लिखा गया.”

“सर, वह मैंने लिखा है,” वसुधाताई म्हणाल्या. “और ग़लत लिखा है. मैं लिखकर देने को तैयार हूँ.”

“तारे मैडम, आप समझ रही हैं? हर काग़ज़ पर दस्तख़त आपके हैं. मेरे नहीं.”

“जी. समझ रही हूँ.”

“और जो बाहर गलियारे में पड़ा है, उसके लिए बेड मैं कहाँ से लाऊँ? यह भी लिखकर दीजिए.”

वसुधाताईंनी अर्ज टेबलावर ठेवला. अर्जावरची सही सरळ होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. क्षितिजा मॅडमनी तो निबंध पाठवला नाही. त्याच्या जागी दुसरा लिहिला: सुट्टीच्या नोंदीवरून माणूस जगला की मेला हे कळत नाही, घरी नेलेल्यांना वेगळं मोजल्याशिवाय अशा नोंदींवर संशोधन करू नये. तो अजून कुठं छापून आलेला नाही. जिल्हा रुग्णालयांचा प्रस्ताव सध्या थांबलाय. आमच्या रुग्णालयात नियम चालूच आहे. वसुधाताईंवर चौकशी बसली आणि त्यांची बदली कपड्यांच्या भांडारात झाली. तिथं त्या आता चादरी मोजून घेतात.

मला एका पाकिटात घालून लाखेनं बंद केलं. पुरावा म्हणून.

ते पाकीट एकदाच उघडलं. चौकशी अधिकाऱ्यानं मला शाईवर दाबलं, कोऱ्या कागदावर उमटवलं आणि समोर बसलेल्या बाईला विचारलं, “यही मोहर थी?”

समोर कल्पनाताई होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. स्वतः अर्ज करून आल्या होत्या.

“जी, यही.”

“और दस्तख़त आपके हैं?”

“दस्तख़त मेरे हैं. मर्ज़ी मेरी नहीं थी.”

अधिकाऱ्यानं फॉर्म वरखाली पाहिला. “इसके लिए तो कोई कॉलम नहीं है, बहनजी.”

“तर कडेला लिहा,” कल्पनाताई एकदम मराठीत म्हणाल्या, मग सावरून, “हाशिये में लिख दीजिए. मैं बैठी हूँ.”

त्या बसून राहिल्या. अधिकाऱ्यानं शेवटी पेन उघडलं आणि फॉर्मच्या कडेला, आडव्या बारीक अक्षरांत ते लिहिलं. कल्पनाताईंनी वाचलं आणि खाली आणखी एक सही केली.

दार उघडं होतं. बाहेर बाकावर वसुधाताई आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. तुलसी नगरातला दोघींचा चहा त्या रविवारपासून बंद आहे, असं वसुधाताई क्षितिजा मॅडमना म्हणाल्याचं मी ऐकलं होतं. कल्पनाताई बाहेर गेल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मधे एका माणसाची जागा होती. पण वसुधाताईंचं नाव पुकारेपर्यंत कल्पनाताई उठल्या नाहीत. तेवढं मी पाहिलं आणि मला पुन्हा पाकिटात घातलं.

आता मी ह्या कपाटात आहे. शाई वाळून माझी अक्षरं तडकायला लागली आहेत. टेबलावर माझी गरजही उरलेली नाही. रेकॉर्ड विभागात नवी पद्धत आलीय; कॉम्प्युटरवर यादी उघडते आणि माझं वाक्य त्या यादीत तिसऱ्या ओळीवर जसंच्या तसं आहे, असं पाकीट ठेवायला आलेला कारकून दुसऱ्याला सांगत होता. बोट लावलं की झालं. ते झिजणार नाही, त्याची शाई संपणार नाही, आणि ते किती वेळा वापरलं गेलं हे त्याच्याकडे बघून कुणाला कळणार नाही.

तुम्ही कधी अशा एखाद्या खिडकीत उभे राहिलात, घाईत, मागं गाडी थांबलेली, तरी सही करण्याआधी वरची ओळ वाचा. मर्जी तुमची नसेल तर तिथंच, त्याच कागदावर, स्वतःच्या हातानं तसं लिहा. जागा नसेल तर कडेला लिहा. आणि जे कुणी पुढं आमचे कागद मोजायला बसतील, मोठमोठे तक्ते करतील, त्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे: बाबांनो, कडा कापून टाकू नका.